बाबांच्या नावाचा फलक लावावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील वारले. त्यांच्या आठवणीसाठी तिघा भावंडांनी मिळून मंडळीला, म्हणजे आपल्या चर्चला, पाच लाख रुपये द्यायचे ठरवले आहेत, गरजू मुलांच्या शिक्षणासाठी. पाळकसाहेबांचं म्हणणं, रविवारच्या उपासनेत जाहीर करू आणि चर्चच्या हॉलमध्ये संगमरवरी फलक लावू. मोठा भाऊ तयार आहे. धाकटी बहीण म्हणते, डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू येशूने स्पष्ट सांगितलंय, दान गुप्त असावं. मधले भाऊ, म्हणजे प्रश्न विचारणारे, लिहितात की नाव लागलं तर मला बरं वाटेल, आणि बरं वाटेल याचंच वाईट वाटतं; मग हेतू शुद्ध होईपर्यंत थांबावं का? जाता जाता त्यांनी दोन गोष्टी लिहिल्या आहेत. एक, करसवलतीची पावती घेतली तर दान गुप्त राहिलं असं म्हणता येईल का. दुसरी, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन तूर्त पुढे ढकललं आहे.

मी पुण्यातल्या एका रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका होते. निवृत्तीनंतर आमच्या मंडळीच्या मदत समितीत काम करते. एकाच्या खिशातले पैसे दुसऱ्याच्या गरजेपर्यंत पोचवायचे, हेच काम दोन्हीकडे. त्यामुळे माझ्या उत्तरात धर्मशास्त्र येईल तेवढंच, जेवढं या कामात मला लागलं.

पहिलं म्हणजे थांबू नका. हेतू शुद्ध होण्याची वाट बघणारे देणगीदार मी पाहिलेत. त्यांचे पैसे मुदत ठेवीत पडून राहतात आणि त्यांच्या मनाचं काय व्हायचं ते होत राहतं. जूनमध्ये जिची फी भरायची आहे तिला तुमच्या अंतःकरणाच्या अवस्थेशी काही देणंघेणं नसतं. आणि हृदय सगळ्यांत कपटी आहे, ते कोणाला कळणार, असं यिर्मया संदेष्टाच विचारून गेलाय. आपण आत कितीही डोकावलं तरी तिथे जे दिसतं ते आपणच मांडून ठेवलेलं असतं. शिवाय माझा हेतू, माझी नम्रता, माझं शुद्ध मन असं घोकत बसलो की सगळा विचार पुन्हा देणाऱ्याभोवतीच फिरायला लागतो. ज्याच्यासाठी द्यायचं तो बाहेर व्हरांड्यात बसलेला असतो.

म्हणून मी लोकांना दुसरीच गोष्ट विचारायला सांगते. माझं दान घेताना त्या माणसाला काय मोजावं लागतंय? पैसे तर तो देऊ शकत नाही. मग मान देतोय का? आभार किती वेळा मानतोय? फोटोला उभा राहतोय? रविवारची हजेरी लावतोय? तक्रार असूनही गप्प बसतोय? याचं उत्तर तुमच्या मनात शोधावं लागत नाही, ते चार लोकांना बाहेरून दिसतं. आणि बाहेरून दिसतं म्हणूनच दुरुस्त करता येतं.

आता बहिणीच्या वचनाकडे येऊ. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू म्हणतो, दान करताना आपल्यापुढे कर्णा वाजवू नका, उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू देऊ नका. बहिणीने वाचलं ते बरोबरच आहे. पण त्याच प्रवचनात, एकच अध्याय आधी, तोच प्रभू सांगतो की तुमचा प्रकाश लोकांपुढे असा पडू द्या की त्यांनी तुमची चांगली कामं पाहून स्वर्गातल्या पित्याचं गौरव करावं. म्हणजे काम दिसण्याला त्याची हरकत नाही. पाहणाऱ्याच्या तोंडून शेवटी कौतुक कोणाचं निघतं, यावर सगळं आहे. संत ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडिताने या वचनावर लिहिताना डावा हात म्हणजे स्तुतीची हाव असा अर्थ लावला आहे. मला तो पटतो, कारण मग हे वचन पावतीपुस्तकाबद्दल राहत नाही, आतल्या त्या कुजबुजणाऱ्या आवाजाबद्दल होतं.

आणि गुप्त दानात अहंकार नसतो हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी गुप्त दान केलं हे सगळ्यांना ठाऊक असलेली माणसं प्रत्येक मंडळीत असतात. "माझं नाव कुठे येऊ देऊ नका हं," असं ते इतक्या जणांना सांगतात की वार्षिक अहवालात छापलं असतं तर कमी लोकांना कळलं असतं.

गुप्ततेचा खरा उपयोग वेगळाच आहे. नाताळात आपण ज्याचा सांता केलाय त्या मायराच्या संत निकोलसची आख्यायिका आठवा. एका बापाला तीन मुली, हुंड्याला पैसा नाही. निकोलसने रात्रीच्या अंधारात त्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. अंधार का निवडला? तो बाप दुसऱ्या दिवशी चारचौघांत मान वर करून चालू शकावा म्हणून. निदान मी ती गोष्ट तशी वाचते. गुप्तता घेणाऱ्यासाठी असते. देणाऱ्याला तिच्यातून नम्रतेचं प्रमाणपत्र मिळावं, एवढ्यासाठी ती नाही. मिझोरममधल्या ख्रिस्ती घरांत १९१० पासून एक रीत आहे. दर वेळी भात शिजवताना मूठभर तांदूळ बाजूला काढायचे आणि ते चर्चला द्यायचे. सगळ्यांचे तांदूळ एकत्र झाल्यावर कोणाची मूठ कोणती, कोण सांगणार? आपल्याकडे अशी घडी का बसली नाही, हा वेगळा विषय. आपल्याला हंगामाच्या सणाला चर्चमध्ये आणलेल्या वस्तूंचा लिलाव जास्त आवडतो. त्यालाही मी वाईट म्हणत नाही. एक भोपळा पाच हजाराला जातो, घेणारा तो परत लिलावात टाकतो, पोरंटोरं हसतात, मजा असते. फक्त लिलाव पुकारणाऱ्याने आजीबाईंच्या चार अंड्यांवर विनोद करू नये.

आमच्या रुग्णालयात मराठवाड्यातून एक गवंडी आला होता, मुलीच्या हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनसाठी. रक्कम तीन-चार देणगीदारांकडून जमली. त्यांतल्या एकांनी सांगितलं, चेक मी स्वतःच्या हाताने देणार. आले ते सहकुटुंब, पेढ्यांचा बॉक्स आणि फोटोग्राफर घेऊन. मुलगी आयसीयूत. बापाला खाली बोलावलं, उभं केलं, चेकचं एक टोक हातात दिलं. त्याने देणगीदारांचे पाय धरले, त्यांच्या पत्नीचे धरले, आणि मग त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्याही पाया पडायला वाकला. मुलगा बिचारा मागे सरकला. सगळे गेल्यावर गवंडी माझ्या टेबलापाशी आला आणि अगदी सरळ, कुठलाही टोमणा न मारता म्हणाला, "बाई, अजून किती जणांच्या पाया पडायचं राहिलंय? एकदाच सांगा, म्हंजे आटपून वर जातो पोरीकडं."

ते देणगीदार वाईट नव्हते. पुढे मुलीच्या औषधांचा खर्चही त्यांनी उचलला, गाजावाजा न करता. त्यांना टेबलाच्या पलीकडून हे कसं दिसतं ते कोणी सांगितलेलंच नव्हतं. त्यानंतर आमच्याकडे पद्धत पडली: चेक रुग्णालयाच्या नावे, हिशोब खात्यात, आणि भेटायचंच असेल तर घरी सोडल्यानंतर, रुग्णाला आधी विचारून. बरेच रुग्ण हो म्हणत. काही नाही म्हणत. नाही म्हणणाऱ्यांची मदत थांबत नसे.

तुमचा फंड शिक्षणाचा आहे, तर तिथलंही एक सांगते. आमच्या मंडळीतले एक सद्गृहस्थ एका मुलाची फी भरत. उपासना सुटली की फाटकापाशी त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारत, "काय रे, अभ्यास चाललाय ना?" प्रेमानेच विचारत, त्यात शंका नाही. मुलगा बारावीत नापास झाला आणि ते सगळं कुटुंब रविवारी दिसेनासं झालं. काही महिन्यांनी त्याची आई मला मंडईत भेटली. म्हणाली, "त्यांच्यासमोर कोणत्या तोंडाने यायचं?" फी माफ झाली होती, पण दर रविवारी हप्ता चालूच होता. त्या सद्गृहस्थांचा हेतू तपासला असता तर शंभर टक्के शुद्ध निघाला असता. म्हणून म्हणते, नुसता हेतू तपासून भागत नाही.

याला तोड सोपी आहे. मुलं कोण निवडायची हे समितीने ठरवायचं, तुम्ही तिघांनी त्या समितीत बसायचं नाही. फी थेट शाळा-कॉलेजच्या खात्यात जाईल. वर्षअखेरीस समितीने तुम्हाला कळवायचं ते एवढंच: किती मुलं, किती रक्कम, कुठल्या इयत्ता. नावं नकोत, फोटो नकोत. "आदरणीय काका, तुमच्या कृपेने" असं सुरू होणारं पत्र मुलांकडून लिहून घेऊ नका. असली पत्रं वर्गात फळ्यावर मजकूर लिहून देऊन उतरवून घेतात, हे मी पाहिलेलं आहे. आणि एकदा नापास झाल्यावर मदत बंद होणार नाही, हे नियमातच लिहा. श्रीमंताच्या मुलालाही नापास व्हायची मुभा असते.

फोटोंबद्दल आणखी थोडं, कारण पुण्यात हा आजार फ्लेक्सने वाढवलाय. नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या बोर्डावर आपण हसतो आणि नाताळात वस्तीत ब्लँकेटं वाटताना तेच करतो. मागे बॅनर, पुढे रांग, मधे कॅमेरा. अहवालाला पुरावा लागतो हे मला मान्य आहे, मी स्वतः अहवाल लिहिले आहेत. पुरावा म्हणून दुकानाचं बिल, पोचपावतीची वही आणि समितीतल्या दोघांच्या सह्या चालतात. दप्तर घेताना काढलेला फोटो त्या मुलाच्या वर्गातल्या पोरांच्या मोबाइलवर पोचतो, हे अहवाल लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची खुर्ची आणि मळक्या कपड्यातल्याला "तू तिथे उभा राहा" असं सांगणाऱ्या मंडळीला झापलंय. आपल्या वाटप समारंभाची बैठकव्यवस्था कधी या नजरेने बघा.

एक किंमत आपण ख्रिस्ती माणसांनी विशेष सांभाळून बघायला हवी, ती म्हणजे मदत घेतली म्हणून उपासनेला या, ही. या शहराला हा विषय नवा नाही. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून रानडे-टिळकांसारख्यांना ग्रामण्याला, म्हणजे जातीकडून बहिष्काराच्या कारवाईला, तोंड द्यावं लागलं. मिशनऱ्याकडचा चहासुद्धा इथे कोणी सहज घेतला नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत काढलेलं शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यात आलं. १८९३ मध्ये मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवलं जातंय अशी ओरड झाली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंची भूमिका अशी होती की मी सक्ती करत नाही, पण माझी प्रार्थना लपवणारही नाही. मला स्वतःला ती भूमिका प्रामाणिक वाटते. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून त्यांनी केडगावला आसरा दिला, त्यातून मुक्ती मिशन उभं राहिलं. पण तेव्हाच्या पालकांना वाटलेली भीतीही मी हसण्यावारी नेत नाही. उपाशी माणूस "हो" म्हणतो तेव्हा तो कशाला हो म्हणतोय, हे त्यालाही सांगता येत नाही. म्हणून आमच्या समितीत नियम आहे: अर्जात धर्म, पंथ, उपासनेची हजेरी हे रकाने नाहीत. पाळकसाहेब प्रार्थना करायला घरी जातात ते बोलावलं तर, आणि मदतीचा चेक गेला त्या दिवशी नक्कीच नाही. प्रभूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत सापडलेल्या जखमीला खाणावळीत ठेवलं, मालकाला दोन दीनार दिले आणि जास्त लागले तर परत येताना देईन म्हणाला. त्या जखमीकडून काही वदवून घेतल्याचं लूकने लिहिलेलं नाही.

आता तुमच्या पत्रातलं ते जाता जाता आलेलं वाक्य. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं आहे. का ढकललं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तब्येतीमुळे असेल तर पुढचं सोडून द्या. पैशांमुळे असेल, तर मार्काचा सातवा अध्याय तिघांनी एकत्र बसून वाचा. तिथे प्रभू परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांना, सुनावतो की आईबापांना ज्याचा उपयोग झाला असता ते तुम्ही "कुर्बान", म्हणजे देवाला वाहिलेलं, म्हणून बाजूला काढता आणि आईबापांचं देणं टाळता. देवाच्या नावाने केलेल्या दानावर त्याने इतक्या कडक शब्दांत क्वचितच टीका केली आहे. बाबांच्या नावाचा फलक आणि त्याच्यासमोर काठी टेकत आलेली आई, हे दृश्य मंडळीला दिसेल, आणि तुमच्या आईलाही ते कळेल. ती बोलणार नाही. तिघांचे मिळून पाच लाख असतील आणि ऑपरेशनला दोन लागत असतील, तर फंड तीनचा करा. जाहीर करताना तीनच सांगा.

हे शेवटचं मुद्दाम सांगते. हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोची बायबलमधली गोष्ट आपण लहानपणी संडे स्कूलमध्ये घाबरत ऐकली. त्यांनी जमीन विकून काही पैसे मागे ठेवले म्हणून ते मेले, असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रेषित पेत्राचे शब्द नीट वाचले तर तो म्हणतो, जमीन तुझीच होती ना, विकल्यावरही पैसे तुझ्याच हातात होते ना? ठेवायला मोकळीक होती. गुन्हा होता तो थोडं देऊन सगळं दिल्याचा आव आणण्यात. तीन लाख देणाऱ्याला लाज वाटायचं कारण नाही. तीन देऊन पाचाचा नमस्कार स्वीकारणाऱ्याने मात्र विचार करावा.

मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या विधवेबद्दलही बोलते, कारण मंडळीत पैसे कमी पडले की तिला हमखास उभं केलं जातं. तिचं दान थोरच. पण मार्काने त्याच्या आधीच्याच ओळींत विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल लिहिलंय, ते वाचायचं आपण टाळतो. तिची गोष्ट सांगून पेन्शनवर जगणाऱ्या बाईकडून बिल्डिंग फंड गोळा करणारा माणूस कोणाच्या रांगेत बसतो, ते ज्याने त्याने ठरवावं. प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिताना हिशोब सरळ ठेवलाय: माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणे दिलेलं मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नाही.

तर फलक. माझं मत ऐकून बहिणीला धक्का बसेल, पण बाबांचं नाव लावायला माझी हरकत नाही. मुलांनी बापाची आठवण ठेवणं म्हणजे गर्व नव्हे, ते दुःख आहे. त्याला जागा हवी असते. फक्त नाव फंडाला द्या, मुलांना नको. फंडाचं नाव बाबांच्या नावाने असू दे, "अमुक यांचे लाभार्थी" अशी यादी कुठेही लागता कामा नये. फलकावर तुम्हा तिघांची नावं, हुद्दे आणि रक्कम नको. खरं तर संगमरवरही नको, त्या पैशांत एका मुलाची पुस्तकं येतील. फलक किती टिकतात तेही बघा. ससून रुग्णालय डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहून १८६७ मध्ये पूर्ण झालं. आज "पेशंटला ससूनला नेलं" म्हणताना कितीजणांना कळतं की आपण एका देणगीदाराचं नाव घेतोय? मला त्यात वाईट काही दिसत नाही. इमारत कामी येते आहे. आणि आपल्या चर्चमधल्या पंख्यांच्या पात्यांवर "यांच्या स्मरणार्थ" लिहिलेलं असतं ते फक्त लाइट गेल्यावर वाचता येतं. तेव्हा उकाड्यात वर बघून कोणी दात्याला आशीर्वाद देत असेल असं वाटत नाही.

नाव लागलं की बरं वाटेल, त्याचं काय करायचं? काही करू नका. वाटू द्या. भूक लागते तसं कौतुकही हवंसं वाटतं. फक्त त्या बरं वाटण्याचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडू नका. तरी स्वतःला चाचपून बघायचंच असेल, तर अशी कल्पना करा: समितीने फंडातून पहिली मदत नेमकी अशा घरातल्या मुलाला दिली, ज्या घराशी तुमचं जमिनीवरून किंवा मंडळीच्या निवडणुकीवरून वाकडं आहे. ते ऐकून पोटात जे होईल, त्यावरून तुम्हाला तुमच्या हेतूबद्दल माझ्यापेक्षा जास्त कळेल. तसं झालं तरी फंड मागे घेऊ नका.

पावतीचं उत्तर छोटं आहे. पावती घ्या. माणसांपुढे मिरवणं वेगळं आणि हिशोब देणं वेगळं. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी नेताना पौलाने सोबत माणसं घेतली, या मोठ्या रकमेबद्दल कोणी बोट दाखवू नये म्हणून. देवापुढेच नव्हे, माणसांपुढेही जे योग्य ते करायचं, असं त्याने लिहून ठेवलंय. म्हणून निनावी पाकिटात पाच लाख घालून दानपेटीत टाकू नका. धर्मादाय ट्रस्टला ठरावीक मर्यादेपुढे मिळालेल्या निनावी देणग्यांवर तीस टक्के कर लागू शकतो, शिवाय खजिनदाराला झोप लागत नाही. चेकने किंवा ऑनलाइन द्या. दोन हजारांवरच्या रोख दानाला करसवलत मिळतच नाही, आणि तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर चेकने दिलेल्या दानावरचीही विसरा. आणखी एक, मंडळीच्या उपासनेच्या खर्चासाठी किंवा एकाच समाजापुरत्या कामासाठी दिलेल्या पैशाला ही सवलत साधारणपणे नसते. शिक्षणाचं काम करणारा, सर्वांसाठी खुला असलेला आणि तशी मान्यता घेतलेला ट्रस्ट मंडळीने काढलेला आहे का, ते आधी विचारा. तसा असेल तर तुमच्या फंडातून शेजारच्या वस्तीतल्या कुठल्याही मुलाला मदत होईल, जे मला तसंही हवंच आहे. वाचलेला कर स्वतःकडे ठेवायचा की तोही फंडात टाकायचा, तुमची मर्जी.

समितीला एक अट मात्र जरूर घाला. अर्ज आला की आधी बघायचं, या मुलाला हक्काने काय मिळू शकतं. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज केलाय का, नसेल तर कोणी बसून भरून द्यावा. घरात आजारपण असेल तर धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, ते त्या कुटुंबाला कळवावं आणि गरज पडली तर सोबत जावं. जे हक्काने मिळतं ते दान म्हणून देऊन आपण आभार गोळा करतो, हे मी खूप ठिकाणी पाहिलंय. हक्काचं मिळवून देण्याच्या कामात पैसा कमी लागतो आणि दुपारच्या दुपार जातात. म्हणून ते करायला माणसं मिळत नाहीत. तुमची बहीण नाव नको म्हणतेय ना, तिला विचारा महिन्यातून दोन दुपारी मिळतील का.

राहिला पैसे ठेवायचा मार्ग. बहुतेक जण अशा फंडाची कायम ठेव करतात आणि व्याजातून मदत द्यायची म्हणतात. फंड तीन लाखांचा धरला, तर त्यावर सात टक्क्यांनी वर्षाला एकवीस हजार येतील. एका मुलाची बऱ्यापैकी सोय. मुद्दल जसंच्या तसं आणि बाबांचं नावही कायम. माझा सल्ला उलटा आहे. पाच-सहा वर्षांत सगळे खर्च करून टाका. दर वर्षी पन्नास-साठ हजार गेले तर तीन-चार मुलं बारावीपासून पदवीपर्यंत एका दमात पोचतात, आणि मधेच कोणाला सोडावं लागत नाही. बँकेतली रक्कम जपायला आपल्या मंडळ्यांना फार आवडतं. फंड पडून आहे आणि मुलगा शाळा सोडून डिलिव्हरीच्या कामाला लागलाय, असं व्हायला वेळ लागत नाही. समितीला द्यायच्या पत्रात हे स्पष्ट लिहा, की रक्कम संपली की फंड बंद समजावा आणि त्यासाठी आमच्या कुटुंबाला विचारायची गरज नाही. पत्रावर तिघांच्या सह्या घ्या, आणि आईलाही वाचून दाखवा.